माया सोडून बेतावे

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. गेल्या वर्षी माझ्या आईच्या माळ्यावरून जे खाली आले, त्याने माझ्या एका आवडत्या छंदाची पुरती परीक्षा घेतली. आणि वीस वर्षे इतरांचे पेपर तपासणारी मी त्या परीक्षेत जेमतेम काठावर उत्तीर्ण झाले. ज्यांच्या घरी शिवणयंत्र आहे, किंवा कधी काळी होते, त्यांना या हकीकतीत आपल्या घरातलेही काही सापडेल असे वाटते, म्हणून ती लिहीत आहे.

आई भाईंदर पूर्वेला एका चार मजली इमारतीत राहत होती. १९८७ साली आम्ही तिथे आलो तेव्हा मीरा-भाईंदरची नगर परिषद होऊन दोनच वर्षे झाली होती. इमारत नवी कोरी, पण नळाला पाणी नाही. टँकर आला की सगळा जिना बादल्यांनी भरून जाई. गच्चीवर उभे राहिले की दूरवर मिठागरांतले पांढरे ढीग दिसत. पुढे २००२ साली महानगरपालिका झाली, उंचच उंच मनोरे उठले, आणि आमची ती नवी कोरी इमारत म्हातारी होऊन पुनर्विकासाला निघाली. दिवाळीनंतर घर रिकामे करून द्यायचे होते. म्हणून मी आणि माझी कॉलेजात जाणारी लेक, दोघी मीरा रोडहून रोज संध्याकाळी जाऊन सामान काढत होतो.

पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पडद्यांच्या खाली, पांढऱ्या नाडीने बांधलेला कागदांचा एक जाड गठ्ठा निघाला. ब्राउन पेपर, जुन्या कॅलेंडरांची पाने, वर्तमानपत्रे. सगळे विचित्र आकारांत कापलेले.

आई खालून म्हणाली, "ते रद्दीत टाक गं. पेपर कटिंग आहेत जुनी."

"रद्दीत?" मी अशी काही ओरडले की लेकीच्या हातातला डबा पडला.

माझ्या ओरडण्याचे कारण सांगायला हवे. मी कपड्यांचे जुने कागदी नमुने जमवते. कुणी तिकिटे जमवतात, कुणी नाणी. माझ्याकडे दोन लोखंडी कपाटे भरून ब्लाउज, फ्रॉक, कोट आणि झगे यांचे नमुने आहेत. "आमच्या घरात कपडे कमी आणि कपड्यांचे नकाशे जास्त," असे आमचे घरधनी पाहुण्यांना सांगतात, आणि पाहुणे हसतात.

हा नाद लागला फाउंटनच्या फुटपाथवर. मी एक जुने व्याकरण शोधत होते. ते मिळाले नाही, पण मासिकांच्या ढिगात एक पिवळे पडलेले पाकीट मिळाले. पाकिटावर तीन गोऱ्या बायकांची चित्रे होती. कंबर मुठीत मावेल एवढी, हातात मोजे, डोक्यावर टोपी. आत पतंगाच्या कागदाहून पातळ अशा कागदाच्या घड्या होत्या, आणि त्यांवर बाही, पाठ, गळपट्टी यांच्या रेघा छापलेल्या. कुणा हौशी बाईने ते विकत घेतले होते आणि कधी उलगडलेच नव्हते. साठ वर्षे एक झगा त्या पाकिटात न शिवला गेलेला पडून होता! वीस रुपये देऊन मी तो घरी आणला.

मग अर्थात वाचन सुरू झाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टर्लिंग नावाच्या गावी एबेनेझर बटरिक नावाचा शिंपी होता. १८६३ साली त्याने निरनिराळ्या मापांत कापलेले कागदी नमुने विकायला काढले. त्याच्या बायकोला मुलाचे कपडे बेतताना त्रास होई, त्यातून ही कल्पना निघाली, अशी एक घरगुती कथा सांगतात. आरंभी पुरुषांचे आणि मुलग्यांचे कपडे होते. बायकांचे थोड्या वर्षांनी आले. १८७० मध्ये जेम्स मॅकॉल या स्कॉटिश शिंप्याने न्यूयॉर्कमध्ये तोच धंदा मांडला, पुढे ‘व्होग’ आले, आणि १९२७ साली ‘सिम्प्लिसिटी’ आली. घरोघर शिवणयंत्र पोहोचले होते. यंत्राला टीप मारता येते, पण कापड कुठे कापायचे हे ते सांगत नाही. ते सांगण्याचे काम या पाकिटांनी केले. दूरच्या खेड्यातली बाई टपालाने पाकीट मागवून शहरातल्या बायकांसारखा झगा घरी शिवू लागली.

पहिल्या काळातल्या त्या नमुन्यांवर अक्षरही छापलेले नसे. कोऱ्या कागदाला भोके पाडलेली असत. एका आकाराचे भोक म्हणजे कापडाचा उभा धागा इकडे ठेवा, दुसऱ्या आकाराचे म्हणजे इथे टक्स घाला. ती सांकेतिक लिपी ज्यांना वाचता येई, त्यांनाच झगा होई! १९२० च्या सुमारास मॅकॉलने रेघा छापायला सुरुवात केली, तरी काही कंपन्या १९५० च्या दशकापर्यंत भोकांनाच धरून राहिल्या होत्या. हे सगळे जपून ठेवले पाहिजे असे तिकडे लोकांना वाटले. ऱ्होड आयलंड विद्यापीठात अशा नमुन्यांचा मोठा संग्रह आहे, आणि तो ज्यांनी नावारूपाला आणला त्या जॉय एमरी यांनी २०१४ साली या धंद्याचा सविस्तर इतिहास लिहिला. एखाद्या वर्षी बायका कशा कपड्यांत वावरत हे राजवाड्यातल्या पोशाखांवरून कळत नाही. ते या चार आण्यांच्या पाकिटांवरून कळते.

आता जुन्या तऱ्हा पुन्हा आल्या आहेत. मोठ्या कंपन्यांनी आपलेच जुने नमुने नव्याने छापले, आणि काही हौशी मंडळी जुने नमुने गिरवून संगणकावरून विकतात. ते आपण झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायचे आणि पाने जोडून जमिनीवर मोठा नकाशा करायचा. मी एकदा असा एक झगा छापून आणला. चौतीस पाने, सगळ्या हॉलभर अंथरलेली. दोन दिवस घरातल्या माणसांनी भिंतीला धरून ये-जा केली. जोडून झाल्यावर लक्षात आले की छापताना यंत्राने पान कागदात ‘मावावे’ म्हणून सगळेच जरासे बारीक केले होते. नमुन्याच्या कोपऱ्यात एक चौकोन छापलेला असतो, तो आधी टेपने मोजून पाहायचा असतो. झगा मोठ्या बाईचा होता. झाला तो एखाद्या बारीक अंगाच्या मुलीचा.

पण माझी खरी फजिती झाली ती फाउंटनच्या त्या पहिल्या पाकिटाने. पाकिटावर मोठा आकडा होता, १४. बाजारात तयार कपडे घेताना त्या आकड्याच्या जवळपासचेच मला होत. तेव्हा मापे न पाहता, हिंदमातावरून आणलेल्या चांगल्या सुती कापडावर मी कात्री चालवली. झगा शिवून अंगात घालू गेले तर तो खांद्यावरच अडून बसला. तिकडच्या कंपन्यांनी १९६८ च्या सुमारास आकड्यांची मापे बदलली. त्याआधीचा १४ म्हणजे छाती ३४ इंच. त्यानंतरचा १४ म्हणजे ३६. आकडा तोच, बाई दुसरी. आईला मी तो झगा दाखवला. तिने तो उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवले आणि एकच वाक्य बोलली: "आत माया ठेवलीच नाहीस?"

वाचकहो, हा शब्द मी वर्गात कितीदा शिकवला असेन. संतांची माया, वेदान्तातली माया, आईची माया. पण शिंप्याची माया माझ्या टिपणांत कधी आली नव्हती. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, ते म्हणजे माया. आज दिसत नाही, उपयोगही नसतो; पण उद्या अंग भरले, मूल वाढले, तर तीच उसवून कपडा मोठा करता येतो. मराठी भाषेने या दोन गोष्टींना एकच शब्द द्यावा, यात मला तरी चूक दिसत नाही. अमेरिकन नमुन्यांत ही माया पाच अष्टमांश इंचाची, आधीच धरून छापलेली असते, आणि मी ती काटकसरीने कापून टाकली होती. जर्मनीत एने बुर्डा या बाईंनी १९५० साली काढलेल्या मासिकातल्या नमुन्यांत उलट प्रकार. एकाच मोठ्या कागदावर दहा कपड्यांच्या रंगीत रेघा एकमेकींवर चढलेल्या, आणि मायेचे नाव नाही. ती ज्याची त्याने सोडायची.

आमच्याकडे मात्र ही पाकिटे फारशी रुजली नाहीत, आणि त्याला कारण आहे. लुगड्याला आणि धोतराला नमुना लागत नाही. ती वारावर मोजून घ्यायची. चोळीला खण लागतो, आणि खण हे कापडाचेही नाव आणि मापाचेही. शिवलेला कपडा घरात आला तो पोलके, परकर, सदरा, झबले अशा रूपांनी, आणि तो शिवायचे शिक्षण पाकिटातून आले नाही. ते वर्गातून आले. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. तिथे निराधार बायकांना स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या विद्यांत शिवणही होते. यंत्रांवर रोष असलेल्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद केले. माणसाच्या उपयोगी पडणाऱ्या मोजक्या शोधांत त्यांनी सिंगरचे यंत्र धरले. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग कारखान्याचे ‘उषा’ यंत्र आले, आणि मध्यमवर्गीय मुलीच्या लग्नात भांड्यांच्या शेजारी ते दिसू लागले.

आमच्या शिवणवर्गात नमुना विकत घेत नाहीत, काढतात. के. आर. झारापकर यांच्या कटिंगच्या पुस्तकावरून कित्येक घरांतल्या बायका आणि कित्येक शिंपी ही विद्या शिकले. माप घ्यायचे ते समोर उभ्या असलेल्या बाईचे. छाती ३६ असेल तर तिचा चौथा भाग ९, त्यात सैल मिळवायची. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग म्हणजे ३. असे करीत कागदावर मुंढा, खांदा, टक्स उतरवायचे. म्हणजे तिकडचे पाकीट एक ठरावीक बाई गृहीत धरते आणि घरोघरच्या बायकांनी तिच्याशी आपले अंग जुळवून घ्यायचे. इथे कागद एकाच बाईचा असतो. मराठीत याला बेतणे म्हणतात. आपण कापड बेततो, जेवणाचा बेत करतो, आणि कधी कधी जिवावरही बेतते.

आमच्या घरी ते जिवावर बेतले १९८२ साली. आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहत होतो. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा कधी आत गेले नाहीत. मी तीन वर्षांची होते. मला संपातले भाषण आठवत नाही, मोर्चा आठवत नाही. आठवतो तो यंत्राचा आवाज. आईने लग्नापूर्वी शिवणाचा वर्ग केला होता, आणि तिच्या वडिलांनी हप्त्यांवर उषाचे पायमशीन घेऊन दिले होते. ते आतापर्यंत हौसेचे होते. आता त्याच्यावर चूल पेटू लागली. रात्री मी झोपताना ते चालू असे आणि सकाळी उठताना चालूच असे. टू बाय टू रुबियाचे ब्लाउज, शाळेचे गणवेश, गणपतीत मुलींचे परकर-पोलके. या शिलाईतून आणि वडिलांना शेवटी मिळालेल्या थोड्या पैशांतून भाईंदरची ती खोली झाली. मी शिकले, एम. ए. झाले, तेही त्याच शिलाईवर.

आणि आता त्या शिलाईचे सगळे कागद माझ्या हातात होते, आणि आई म्हणत होती रद्दीत टाक!

आम्ही पंख्याखाली सतरंजी अंथरून गठ्ठा सोडला. प्रत्येक कागदावर आईच्या टपोऱ्या अक्षरांत एक आकडा होता. नाव नाही. खोली ३. खोली ९. खोली १७. चाळीत माणसे खोलीच्या आकड्याने ओळखली जात. एका कागदाच्या कडेला खळीने वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या आणि त्यांवर साले: १९७९ ला छाती ३०, १९८१ ला ३३, १९८४ ला ३६. "ही लग्न होऊन आली तेव्हा काडी होती," आई म्हणाली, "दोन बाळंतपणांनंतर भरली." दुसरा एक कागद उलट कापत कापत बारीक होत गेला होता, त्या बाईला क्षय झाला होता. लहान मुलींच्या फ्रॉकचे कागद तर एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखे होते. लेकीने मोबाइलवर छायाचित्रे काढायला घेतली. मी मनात यादी करू लागले होते. माझ्या कपाटातली सगळी अमेरिकन पाकिटे एकीकडे आणि हा गठ्ठा एकीकडे. यावर लेख होईल, कॉलेजात प्रदर्शन मांडता येईल, एखाद्या संग्रहालयाला कळवता येईल.

मग एक कागद निघाला, खोली २२ चा. ब्लाउजची पुढची बाजू. एरवी पुढच्या भागाचा एकच कागद असतो, कापड दुहेरी घालून दोन्ही बाजू एकदम कापतात. इथे डावा वेगळा आणि उजवा वेगळा. उजव्याला नेहमीचे टक्स होते. डावा सपाट, आणि त्यावर पेन्सिलीने एक गोल काढून लिहिले होते, ‘आतून पिशवी’.

"आई, हा डावा चुकला होता का गं?" मी विचारले.

आईने तो कागद माझ्या हातातून घेतला. चष्मा नीट केला. बराच वेळ काही बोलली नाही.

"ऑपरेशन झालं होतं तिचं," ती म्हणाली. "डावीकडचं काढलं होतं. घरी आली आणि महिनाभर दाराबाहेर पडली नाही. पदर घेतला की एका बाजूला पडतो, लोक बघतील म्हणून. मग एकदा रात्री सगळी निजल्यावर आली माझ्याकडे. मी मलमलीची पिशवी शिवली, आत कापूस भरला, आणि वजनाला थोडी मोहरी. नुसता कापूस वर सरकतो. दोनतीनदा उसवून केलं तेव्हा जमलं. दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरायला आली ती."

"कुणालाच कळलं नाही?"

"कळायचं काय कारण? मी कुणाला सांगितलं नाही."

आणि तिने तो कागद दोन्ही हातांनी फाडायला धरला.

इथे माझी परीक्षा होती. मी तिचा हात धरला. खरे सांगते, धरला. म्हटले, "आई, नको. असा कागद जगात कुठे मिळायचा नाही. आणि नाव कुठे आहे त्यावर? नुसता नंबर आहे."

"नंबर म्हणजेच नाव," आई म्हणाली. "चाळीतल्या कुणालाही विचार, बावीस नंबरला कोण राहायचं. अंगाचं माप म्हणजे काय गोष्ट सांगते का मी तुला? बायका माझ्यापुढे उभ्या राहायच्या त्या विश्वासानं. तुझ्या त्या पाकिटांवरच्या मडमा वेगळ्या. त्या कुणाच्याच कोण नव्हेत."

मी हात सोडला. काठावर पास झाले म्हणते ते इतपतच. आईने कागद चार वेळा फाडला आणि तुकडे पदरात बांधून ठेवले. रद्दीच्या पोत्यातसुद्धा टाकले नाहीत.

मी हे लिहिते आहे ते तिला विचारून. खोलीचा आकडा मी बदलला आहे. ती बाई आता नाही. आईने परवानगी दिली ती एकाच कारणासाठी. "पिशवीचं लिही," ती म्हणाली, "मोहरीचं लिही. कुणाला तरी उपयोग होईल." आता बाजारात सिलिकॉनचे चांगले भाग मिळतात, पण ज्यांना ते परवडत नाहीत, किंवा दुकानात जाऊन मागायला जीभ रेटत नाही, त्यांनी कुठल्याही शिवणाऱ्या बाईला विश्वासाने विचारावे. शस्त्रक्रियेची जखम पुरती भरून आल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच, हे मात्र माझे सांगणे.

त्या रात्री आईने गठ्ठ्याचे तीन भाग केले. ज्यांत कुणाचे आजार, बाळंतपणे, बदललेली अंगे वाचता येत होती, ते फाडले. फाटके आणि कसर लागलेले रद्दीत गेले. उरले ते लहान मुलांचे फ्रॉक-झबली आणि ‘३२’, ‘३४’, ‘३६’ असे नुसते मापाचे आकडे घातलेले ब्लाउजचे कागद. ते माझ्या पदरात पडले. पाव गठ्ठासुद्धा नव्हता. संग्राहकाच्या दृष्टीने नुकसानच. पण छंदालाही मर्यादेची शिवण असावी लागते, हे मला त्या रात्री कळले.

ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. मूळ कागदावर कधी कात्री चालवू नये. बटर पेपर वर ठेवून गिरवून घ्यावा आणि तो गिरवलेला कापावा. घड्या मोडायच्या असतील तर इस्त्री अगदी मंद ठेवावी, वाफ मुळीच नको. चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत कागद खाते. कागद सपाट आणि कोरडे ठेवावेत. आमच्यासारखे खाडीकाठचे दमट घर असेल तर पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्यावा. आणि नमुना कुठलाही असो, जुना, नवा, परदेशी वा घरचा, आकड्यावर विसंबू नये. आधी मांजरपाटाचा शिवून अंगात घालून बघावा. मांजरपाट वाया गेला तर उशीचा अभ्रा होतो. चांगले कापड वाया गेले तर रडू येते.

यावर आई आणि लेक यांचा एक वेगळाच उद्योग सुरू झाला. लेकीला माझ्या त्या पहिल्या पाकिटातला झगा हवा होता. तिची छाती ३४, म्हणजे पाकीट तिच्याच मापाचे. आईने तो पातळ कागद टेबलावर पसरला आणि त्याच्यावर आपला ३४ चा ब्राउन पेपर ठेवला. साठ वर्षांपूर्वीची अमेरिकन बाई आणि लालबागची बाई एकमेकींवर आडव्या पडल्या. आईने नाकावरचा चष्मा सावरीत तपासणी केली.

"ही बाई श्वास कशी घेत होती?" ती म्हणाली. "कंबर बघ केवढीशी."

"आजी, त्या आतून पट्टा बांधायच्या," लेक म्हणाली.

"तू बांधणार आहेस?"

"नाही."

"मग दोन इंच सोड. मुंढा हिचाच ठेव, चांगला आहे. बाही मी आपली लावते."

आईच्या एका डोळ्याचे मोतीबिंदू निघाले आहे, दुसऱ्याचे बाकी आहे. सुईत दोरा लेक ओवून देत होती आणि आई टीप मारत होती. आठवडाभरात मांजरपाटाचा झगा झाला, मग दोन चुका सुधारून खरा झाला. पाडव्याला लेक तो घालून फिरली तेव्हा मीरा रोड स्टेशनवर एका अनोळखी मुलीने तिला थांबवून विचारले, कुठून घेतला. लेकीने सांगितले, "आजीकडून." ती दुकानाचे नाव समजली असावी.

घर रिकामे करायच्या आदल्या दिवशी मी आईला एक गोष्ट विचारली. बरेच दिवस ओठांवर होती. सगळ्या चाळीचे कागद गठ्ठ्यात होते. माझा एकही नव्हता. माझे फ्रॉक, माझा पहिला ब्लाउज, सगळे तिनेच शिवलेले. मग कागद कुठे गेला?

"तुझा कधी काढलाच नाही," ती म्हणाली. "तुझं डोळ्यांना माप होतं." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि तुला शेजारी बसवून कागद काढला असता तर तू शिकली असतीस. शिकली असतीस तर शिवायला बसली असतीस, मला मदत म्हणून. एकदा बसली असतीस तर उठली नसतीस. मला तुला उठवायचं होतं."

लहानपणी मी यंत्राजवळ गेले की ती मला हाकलीत असे. मला वाटे, दोरा गुंतवीन म्हणून. माझ्या हातून चांगले कापड का वाया गेले, बेतण्यातली साधी गोष्ट मला चाळिशीपर्यंत का ठाऊक नव्हती, याचे उत्तर मला त्या रिकाम्या खोलीत मिळाले.

"आता काढ," मी म्हटले.

तिने ट्रंकेवरचा उरलासुरला ब्राउन पेपर घेतला. टेप माझ्याभोवती घातला. छाती, कंबर, खांदा, बाही. आकडे मोठ्याने सांगत गेली आणि लेक लिहीत गेली. मग जमिनीवर बसून, पूर्वीच्याच सवयीने जीभ दातांखाली धरून, तिने रेघा ओढल्या. मी कापणार तेवढ्यात तिने माझी कात्री बाजूला केली आणि रेघेच्या बाहेर बोटभर अंतरावर दुसरी रेघ ओढली.

"ही रेघ विसरू नकोस," ती म्हणाली. "वय वाढतं आहे तुझं."

तो कागद माझ्या कपाटात आहे. गिरवून घेतलेला वेगळा, मूळ वेगळा. या दिवाळीला त्यावरून मी स्वतःच्या हाताने पहिला ब्लाउज शिवला. डावी बाही जराशी चढली आहे. पण आत माया ठेवली आहे; उसवून नीट करता येईल.